पान अडतीस, पान एकोणचाळीस

३ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. विनंती आहे, विशेषही आहे, पण आधी खुशाली. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना बोंब मारतो. ही म्हणते, ‘गुडघा तरी मनातलं बाहेर काढतो, तुम्ही कधी काढणार?’ तिचा रोख कशावर आहे ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लग्नाला सदतीस वर्षं झाली की काही गोष्टी न विचारण्यातच शहाणपण असतं.

फोन करायला हवा होता हे मान्य. पण फोनवर तू ‘बोल’ म्हणतेस आणि मी ‘अगं’ म्हणेपर्यंत ‘ठेवते, गॅसवर दूध आहे’ म्हणून ठेवतेसही. तुझ्या घरी एवढं दूध कोण पितं हे एकदा कळलं पाहिजे.

भाचीचा मात्र फोन आला होता. साखरेचा डबा कपड्यांच्या कपाटात सापडल्यापासून तू हाय खाल्ली आहेस म्हणे. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे असं सांगूनही तुझा विश्वास बसत नाही, आणि पुढच्या महिन्यापासून गणिताच्या शिकवण्या बंद म्हणून मुलांच्या घरी कळवूनही टाकलंस. अगं, एका डब्यासाठी? माझा चष्मा परवा फ्रिजमध्ये सापडला. ही म्हणाली, ‘असू दे, ताजा राहील.’ मी काही त्यावरून वाचन सोडलं नाही.

भाची म्हणाली, ‘मामा, आई म्हणते तिचं डोकं तरुणपणापासूनच दगाबाज आहे. पहिल्यांदा दगा दिला तेव्हा तर तिला कळलंसुद्धा नव्हतं. तुला माहीत आहे का रे काही?’ मी म्हटलं, ‘दारावर कोणीतरी आलंय, नंतर बोलतो.’ दारावर कोणी नव्हतं.

असो. आता बातमी. आपलं जुनं नाट्यगृह पुन्हा उभं राहिलंय. नव्या खुर्च्या, नवं छप्पर, विंगेत चक्क पंखा. तीस तारखेला उद्घाटन आहे आणि त्याला येणार आहे आपली ट्रेवाली! आज जिचं नाव नाटकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापतात, जी नुसती पाठमोरी उभी राहिली तरी लोक त्यावर दोन पानी लेख लिहितात, तिला आपण ‘ट्रेवाली’ म्हणायचो हे मी समितीच्या बैठकीत सांगितलं. अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अध्यक्ष म्हणजे आपला दंतवैद्य. एरवी लोकांचे चेहरे तसे तो करतो.

तर समितीने ठरवलं की तिचा तो पहिला प्रयोग ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला त्यांना पहिल्या दोन रांगांत मानाने बसवायचं. वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली. आता त्या दिवशी नाटकाला माणसं होती सत्तेचाळीस. मी विंगेतून मोजली होती, त्यातली नऊ आपल्याच घरची. आणि अर्ज किती यावेत? दोनशे त्रेसष्ट! एवढी माणसं त्या दिवशी खरंच आली असती तर नाटकमंडळी बंद पडली नसती.

मग खरे-खोटे निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दंतवैद्य म्हणाला, ‘तुम्ही प्रॉम्प्टर होतात, शिवाय छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलीत. खोटं तुमच्या नजरेतून सुटायचं नाही.’ मी रजिस्टर मागून घेतलं. रोज सकाळी दहा ते बारा वाचनालयात टेबल टाकून बसतो आणि एकेकाला विचारतो, ‘पडदा कुठल्या रंगाचा होता?’ कोणी तांबडा म्हणतं, कोणी मखमली निळा. पडदा नव्हताच, आपल्या घरच्या दोन चादरी होत्या आणि एकीवर इस्त्रीचा डाग होता, हे तुला-मला माहीत.

न्हावी म्हणाला की तिचा मरणाचा प्रसंग पाहून तो ढसाढसा रडला होता. मी म्हटलं, ‘ती मेली नव्हती, ती चहा घेऊन आली होती.’ तो म्हणाला, ‘पण काय घेऊन आली होती!’ एक गृहस्थ वय वर्षं अडतीस. म्हणे आईच्या पोटात असताना नाटक पाहिलं आणि ती रंगमंचावर येताच आतून लाथ मारली. नाटकाला एकेचाळीस वर्षं झाली. मी विचारलं, ‘तीन वर्षं आत काय करत होतात?’ ते रागावून गेले. एकटा चांभार खरं बोलला. म्हणाला, ‘मी होतो, पण झोपलो होतो. टाळ्यांनी जाग आली.’ त्याला मी पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली.

आणि प्रत्येक जण शेवटी तेच सांगतो, ‘मी त्याच दिवशी ओळखलं होतं, ही पोरगी मोठी होणार.’ ताई, मी तिला दीड महिना रोज पाहत होतो. मला काही ओळखू आलं नव्हतं. तालमीला सगळ्यांच्या आधी यायची आणि रिकामा ट्रे घेऊन या विंगेतून त्या विंगेत चालत बसायची. एकदा म्हातारीसारखी, एकदा चप्पल तुटल्यासारखी, एकदा नुकतंच कोणीतरी ओरडल्यासारखी. मला वाटलं, जरा चक्रम आहे. हिचं ते एक वाक्यही काढून टाका, असं मी दिग्दर्शकाला सुचवलं होतं. कृपा करून हे कोणाला सांगू नकोस.

आता विनंती. तिचं पत्र आलंय. तिला भाषण करायचं नाही. तिला त्याच नाटकातली पहिल्या अंकातली दहा मिनिटं करायची आहेत. ती म्हणते, ‘मी ट्रे घेऊन येते. पण समोर बाईसाहेब त्याच हव्यात.’ म्हणजे तू. दहाच मिनिटं, ताई. तुझं ते पान सदतीसपासून चाळीसपर्यंत.

समितीने स्मरणिकेसाठी त्या दिवसाची हकिकत मला लिहायला सांगितली आहे. लिहिली आहे. तुझ्या नजरेखालून जावी म्हणून उतरून पाठवतो:

‘पहिला अंक रंगात आला होता. रंगमंचावर बाईसाहेब आणि वर्तमानपत्र वाचत बसलेले त्यांचे यजमान. इथे बाईसाहेबांचे काम करणाऱ्या कलावतीकडून अनवधानाने दोन पाने गाळली गेली आणि यजमान समोर धडधाकट बसलेले असताना त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आता नाडी बघून काय उपयोग? सगळं संपलं.” डॉक्टर अजून आलेच नव्हते. यजमानांनी वर्तमानपत्र खाली केले. प्रेक्षक हसू लागले. बाईसाहेब निःशब्द. तेवढ्यात मोलकरणीच्या भूमिकेतली ती मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. तिला एकच वाक्य होते, “बाईसाहेब, पाहुणे आलेत.” ते तिने उच्चारले नाही. तिने ट्रे ठेवला, यजमानांचे मनगट हातात घेतले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत शांतपणे ठोके मोजले आणि म्हणाली, “बाईसाहेब, चालू आहे की. चहा देऊ ना?” नाट्यगृह डोक्यावर घेतले गेले. डॉक्टर येईपर्यंतची आठ मिनिटे तिने एकटीने निभावली आणि पुढचा अंक बाईसाहेब म्हणूनही तीच उभी राहिली, कारण तिला सगळ्यांची भाषणे पाठ होती. प्रेक्षकांत बसलेल्या एका मोठ्या नाटक कंपनीच्या मालकांनी महिन्याभरात तिला बोलावून घेतले.’

कशी वाटते? ‘अनवधानाने’ हा शब्द मी मुद्दाम घातला, म्हणजे कोणाला टोचणार नाही. माणूस आहे, चुकतं. कोणाच्या लक्षातही नसेल आता.

उत्तर लवकर पाठव. दूध उतू गेलं तरी चालेल.

तुझा,
ठोंब्या


१४ मार्च

ती. ताईस,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींचं. ‘हकिकत बरोबर आहे, छाप. मी येणार नाही, ज्या डोक्याने भर रंगमंचावर दगा दिला त्याला घेऊन परत तिथे उभं राहण्याची माझी छाती नाही.’

कार्ड मी खणात ठेवायला निघालो होतो. मग हिने ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘आता लिहिता, की मी लिहू?’ तिला माहीत आहे. आमच्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून ती वर्षातून दोन-तीनदा आठवण करून देते आणि मी गुडघा वगैरे काढतो. आत्ता ती समोर बसली आहे. पत्र पुरं होईपर्यंत चहा मिळणार नाही असं तिने जाहीर केलं आहे.

पण आधी फ्यूज येऊन गेला ते सांगतो. तुला फ्यूज आठवतो ना? आपला दिवेवाला, ज्याने एका तालमीत अख्ख्या गल्लीची वीज घालवली होती. त्याचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे, कानात यंत्र आहे, पण नजर घारीची. काल तो काठी टेकत वाचनालयात आला. रांगेत वीसेक माणसं होती. मी नेहमीच्या तोऱ्यात विचारलं, ‘पडदा कुठल्या रंगाचा?’

‘मला काय विचारतोस? मी पडद्याच्या मागे होतो. शिडीवर, बरोबर तुझ्या डोक्यावर.’

‘बरं, मग तुम्ही काय पाहिलंत?’

‘तुला पाहिलं,’ तो म्हणाला. कानात यंत्र असलेली माणसं केवढ्याने बोलतात तुला ठाऊक आहे. ‘तुझी बोटं डिंकाने माखली होती. तू दोन पानं एकदम उलटलीस. मी वरून “अरे, अरे” म्हणालोसुद्धा. तू वर बघितलंस, मग वहीत बघितलंस, आणि वही छातीशी धरलीस.’

रांगेतली माणसं दोन पावलं पुढे सरकली. ग्रंथपालबाईंनी ‘शांतता राखा’ ही पाटी आमच्याकडे वळवली.

मी हळू आवाजात म्हटलं, ‘हे तुम्ही कधी कोणाला बोलला नाहीत?’

‘मी कशाला बोलू? तुझी बहीण होती. मला वाटलं तू त्याच दिवशी घरी जाऊन तिला सांगितलं असशील.’ मग त्याने कानातलं यंत्र नीट बसवलं. ‘नाही सांगितलंस?’

मी रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहिलं. आणि टेबल आवरून बाराच्या आधीच घरी आलो.

तर ताई, खरी हकिकत अशी आहे.

मंडळी लहान, माणसं कमी. प्रॉम्प्टिंगही माझ्याकडे आणि दाढ्यामिशाही माझ्याकडे. डॉक्टरचं काम शिंपी करायचा आणि त्याला एवढा घाम यायचा की दाढी हनुवटीवर टिकतच नसे. त्या दिवशी तुझा प्रवेश चालू असताना तो विंगेत आला. अर्धी दाढी गालावर, अर्धी हातात. मी गुडघ्यावर वही ठेवली, एका हाताने त्याची दाढी चिकटवली आणि त्याच हाताने, डॉक्टरचा प्रवेश किती लांब आहे ते बघायला, पुढची पानं चाळली. पान अडतीस आणि एकोणचाळीस अशी समोरासमोर उघडली, ‘अजून वेळ आहे रे’ म्हणालो, आणि मागे सदतीसवर आलो. वही दाबून धरली. डिंक चांगल्यातला होता. उरलेलं काम त्याने केलं.

तुझी-माझी पद्धत तर तुला माहीतच आहे. भाषणं तुला तोंडपाठ असायची, पण पान उलटलं की पहिलं वाक्य मी द्यायचं आणि मग तू सुटायचीस. घरी तालीम करताना लागलेली सवय. दिग्दर्शकाला ती आवडत नसे, पण तू म्हणायचीस, ‘त्याचा आवाज कानावर आला की मला धीर येतो.’ तू पान सदतीस संपवलंस आणि विंगेकडे बघितलंस. मी पान उलटलं. समोर आलं पान चाळीस. त्या क्षणी मी वहीकडे नीट बघितलंही नाही, कारण समोरच्या विंगेत ट्रेवाली चपला काढून अनवाणी पावलं मोजत होती आणि मी तिकडे बघत होतो. आणि मी तुला वाक्य दिलं. ‘डॉक्टर, आता नाडी बघून काय उपयोग?’

तू ते म्हणालीस, कारण मी दिलं होतं. तू काहीही गाळलं नव्हतंस.

मग लोक हसले, फ्यूज वरून ओरडला, मला कळलं. तू विंगेत आलीस आणि विचारलंस, ‘कुठे चुकले रे मी?’ ताई, माझ्या हातात वही होती आणि अंगठ्यावर डिंक होता. मी म्हणालो, ‘तू दोन पानं सोडून पुढे गेलीस. मी तुझ्या मागोमाग आलो.’ हे वाक्य वहीत नव्हतं. ते माझं स्वतःचं. आयुष्यात मी रचलेलं एकमेव वाक्य, आणि ते तुझ्या डोक्यात एकेचाळीस वर्षं चाललं.

तू म्हणालीस, ‘मला कळलंसुद्धा नाही.’ आणि चेहरा पुसायला लागलीस.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एकवीस वर्षांचा होतो आणि सगळी मंडळी माझ्या अंगावर येईल या भीतीने गारठलो होतो. दुसऱ्या दिवशी किटलीच्या वाफेवर धरून पानं सुटी केली. अडतीसवर एकोणचाळीसची अक्षरं उलटी उमटली आहेत, अजून दिसतात. वाटलं, आठवड्याने सांगू. आठवड्याने तू नाटक सोडलंस, मग कसं सांगू? वर्षाने सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, वर्षभर काय करत होतास? छापखान्यात असंच होतं. चूक छापून गेली की पहिल्या दिवशी शुद्धिपत्रक काढायची लाज वाटते आणि दहाव्या वर्षी तर ते हास्यास्पदच वाटतं.

मनाची समजूत मी बरीच घातली. तिचे फोटो पेपरात यायला लागले तेव्हा मला वाटायचं, माझी पानं चिकटली नसती तर ही ट्रे ठेवून आत गेली असती. म्हणजे एका परीने तिला मोठी मीच केली! हे मी हिला एकदा बोलून दाखवलं. तिने मला दोन दिवस जेवायला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पण तू मुख्याध्यापिकेची जागा नाकारलीस तेव्हा कारण काय दिलंस ते मला माहीत होतं. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर बोलावं लागेल म्हणून. वर्गात जाताना फळ्यावरची गणितंसुद्धा तू तळहातावर लिहून न्यायचीस, तेही मला माहीत होतं. आणि आता तू शिकवण्या बंद करते आहेस, ते एका साखरेच्या डब्यासाठी नव्हे. ते माझ्या वाक्यासाठी. मला लाज वाटते, ताई. हे कार्ड आलं नसतं तर मी ते ‘अनवधानाने’ छापूनही टाकलं असतं.

छापणार नाही. आज सकाळी मी ती हकिकत दंतवैद्याकडून परत घेतली आणि खरी लिहून दिली. तो वाचून म्हणाला, ‘अहो, हे छापलं तर तुमचं काय राहील?’ मी म्हटलं, छापा.

तू ये किंवा येऊ नकोस. शिकवण्या मात्र बंद करू नकोस. तुझं डोकं शाबूत आहे, तेव्हाही होतं. मला काय म्हणायचं ते म्हण.

ही उठली आहे, चहाचं बघते आहे. पाकिटाला डिंक मात्र मी तिलाच लावायला सांगणार आहे.

तुझा भाऊ,
अजून म्हणवून घेता येत असेल तर


१९ मार्च

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद आत्ता देत नाही, शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र काल सकाळी आलं. गणिताची मुलं बसली होती. वाचता वाचता मी एवढ्याने ‘मेल्या!’ म्हणाले की एका मुलीने पाटीवरचं बरोबर आलेलं उत्तर पुसून टाकलं. त्यांना सुट्टी दिली आणि पत्र परत वाचलं. मग मी भांडी घासली. घासलेली भांडी परत घासली.

एकेचाळीस वर्षं, रे! मी गावात कोणाच्या लग्नात चार शब्द बोलायला उभी राहिले नाही. लेकीचा पहिला वाढदिवस मी वहीत लिहून ठेवला, विसरेन म्हणून. स्वतःच्या लेकीचा! घरात कुठली वस्तू सापडेनाशी झाली की मी आधी स्वतःलाच दोषी धरायचे, आणि ती सवय तू मला लावलेली होती. वाफेवर पानं सुटी करायला तुला वेळ मिळाला. मला एक वाक्य सांगायला मिळाला नाही. तू समोर असतास तर मी तुला काय केलं असतं ते लिहीत नाही, कारण हे पत्र तुझी बायको वाचणार आणि तिचा काही दोष नाही. उलट तिला माझा नमस्कार सांग. तिने दोन दिवस बघितलं नाही, मी असते तर जेवायलाही वाढलं नसतं.

आणि एक. ‘तिला मोठी मी केली’ हे पुन्हा तोंडातून काढू नकोस. तुझ्या डिंकाने फक्त मला गप्प केलं. पुढचं तिचं तिने केलं. तू विंगेत वही छातीशी धरून उभा होतास, लोक काळोखात हसत होते. तिच्यापासून दोन हातांवर फक्त मी होते. ती आली तेव्हा ट्रेवरचे कप वाजत होते इतके तिचे हात कापत होते. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे काहीच नाही हे तिला दिसलं. मग तिने ट्रे ठेवला, त्याचं मनगट धरलं, आणि तिचा हात थांबला. मी तो थांबताना पाहिला. एवढी घाबरलेली पोरगी एका श्वासात दुसरीच कोणी झाली. मला बाजूला करून नाही हं, माझ्या पुढे उभी राहून. मला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि तरी मी मनात म्हणाले, बाई गं, काय हे! तुझ्या त्या रजिस्टरमध्ये पहिलं नाव माझं लिही. त्या दोनशे त्रेसष्ट जणांनी काही ओळखलं नव्हतं, तूही नाहीस. मी ओळखलं होतं. फक्त तेव्हापासून मला वाटत आलं की ती उभी राहिली कारण मी पडले. आता कळतंय की मी पडले नव्हते, मला पाडलं होतं. राग आहेच, तो राहील. पण काल रात्री मी सरळ झोपले, आणि उठल्यावर तळहातावर काही लिहिलं नाही.

मुलांच्या घरी निरोप दिला आहे, शिकवण्या चालू राहतील. साखरेचा डबा लेकीने ठेवला होता कपाटात, मुंग्या लागतात म्हणून. तिने आत्ता कबूल केलं. आपल्या घराण्यात कबुली द्यायला एवढा वेळ का लागतो कोण जाणे.

तीस तारखेला मी येते आहे. ट्रेवालीला कळव की बाईसाहेब उभ्या राहतील. विंगेत तू बस, वही घेऊन. बोलायचं मात्र नाही. पान उलटल्यावर पहिलं वाक्यही द्यायचं नाही. मी तुझ्याकडे बघणार नाही. मी कुठे अडले तर अडू दे, ते अडणं तरी माझं स्वतःचं असेल.

तुला माफ केलं का, हे इतक्यात विचारू नकोस. मला जरा रागावू दे. तुला एकेचाळीस वर्षं मिळाली, मला पंधरा दिवस तरी मिळू देत.

सोबत दोन कागद आहेत. त्यावर पान अडतीस आणि पान एकोणचाळीस लिहिलं आहे. वही तुझ्याकडे आहे, माझ्याकडे कधीच नव्हती. भांडी घासून झाल्यावर मी स्वयंपाकघरात उभं राहून ते भाषण ओट्याला म्हणून दाखवलं आणि मग लिहून काढलं, ‘तुम्ही पेपर खाली ठेवलात की मला भीती वाटते’ इथपासून थेट ‘डॉक्टरांना बोलावते’ इथपर्यंत. भाषण तसं रडकंच आहे, आता कळतं. तू लाल पेन घे आणि वहीशी ताडून बघ. स्वल्पविरामसुद्धा सोडू नकोस. एकही चूक सापडणार नाही तुला.

आशीर्वाद.

काहीही न विसरलेली,
तुझी ताई